विमानात इंधन किती भरायचं? कॅप्टनचा अधिकार, पात्रता आणि कागदपत्रं

"एक टन जादा घ्या," असं कॅप्टनने सांगितलं की तेवढं इंधन भरलं जातं. त्यासाठी अर्ज नाही, वरून मंजुरी नाही. अर्ज लागतो तो कॅप्टन होण्यासाठी.

पात्रता आणि अर्ज: सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) 18व्या वर्षी, 200 तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतं, पण त्यावर एअरलाइनमध्ये उजवी सीट मिळते, को-पायलटची. डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटसाठी एटीपीएल (एअरलाइन पायलटचं लायसन्स) हवं: वय किमान 21, उड्डाण 1500 तास, क्लास-1 मेडिकल (तब्येतीचं प्रमाणपत्र) आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) परीक्षा. अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर होतो. बारावीची मार्कशीट, वयाचा पुरावा, मेडिकल, निकाल, लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची वही) ही कागदपत्रं जवळ ठेवा. लॉगबुकातली बेरीज दोनदा तपासा. लायसन्स हातात आलं तरी कंपनीचं कमांड (कॅप्टनपदाचं) ट्रेनिंग उरतंच.

रोजची प्रक्रिया: उड्डाणाआधी डिस्पॅचकडून (कंपनीच्या उड्डाण-नियोजन विभागाकडून) फ्लाइट प्लॅन, हवामान आणि नोटम (वैमानिकांसाठीच्या सूचना) येतात. प्लॅनमध्ये इंधनाचे भाग पाडलेले असतात: टॅक्सी (जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाणं), प्रवास, आकस्मिक (साधारणपणे प्रवासाच्या 5 टक्के), ऑल्टरनेट (पर्यायी) विमानतळ, आणि जेटसाठी 30 मिनिटांचा अंतिम राखीव साठा. ही बेरीज म्हणजे किमान. कॅप्टन त्याखाली जाऊ शकत नाही. वर मात्र टाकीत मावेल आणि वजनाची मर्यादा सांभाळेल तितकं घेऊ शकतो.

समजा जुलैत दिल्लीहून मुंबईला यायचंय. मुंबईत मुसळधार पाऊस, वर विमानं घिरट्या घालतायत, नाहीच जमलं तर अहमदाबाद. संगणकाला सरासरी कळते, कॅप्टनला तो पाऊस माहीत असतो. पण जादा इंधन फुकट वाहून नेता येत नाही. त्याच्या वजनातले तासाला साधारण तीन टक्के ते वाहण्यातच जळतात. कंपन्यांचा डोळा असतो तो यावरच.

भरल्यावर पावती टेक लॉगशी (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीशी) ताडून बघायची. पावतीवर लिटर, प्लॅनमध्ये किलो. 1983 मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग 767 साठी हे रूपांतर करताना किलोऐवजी पौंडांचा आकडा वापरला गेला. इंधन हवेतच संपलं आणि विमान कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवावं लागलं.

हवेत अंदाज चुकलाच तर दोन घोषणा आहेत. 'मिनिमम फ्युएल' ही फक्त सूचना. तिने रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. राखीव साठ्याला हात लावूनच उतरावं लागेल असं दिसलं, की 'मेडे फ्युएल', ही आणीबाणीची घोषणा.