रोजगार हमी योजना (महाराष्ट्र)

ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर ते देण्याची जबाबदारी राज्य शासनावर टाकणारी योजना. बोलण्यात ‘रोहयो’ किंवा नुसती ‘रोजगार हमी’. ब्रीदवाक्य ‘मागेल त्याला काम’. योजना १ मे १९७२ रोजी जाहीर झाली. तिचा कायदा १९७७ साली विधिमंडळाने एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. सरकारी मदत घेणाऱ्यांना त्या बदल्यात काम करायला लावावे का, लावले तर त्यांचे भले होते की छळ, यावर अर्थशास्त्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लिखाणात महाराष्ट्राचा हा दाखला पुनःपुन्हा येतो.

गरजू कोण हे ठरवायचे दोन मुख्य मार्ग आजवर वापरात आहेत. एक, चौकशी करून दाखले मागायचे. दुसरा, मदतीला इतके कष्ट जोडायचे की ज्याला दुसरा आधार आहे तो फिरकणारच नाही. दुसऱ्या मार्गाला ब्रिटिश अमलात ‘कसोटी’ हाच शब्द होता. इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरीब कायद्याने कामगृहे उभी राहिली, ती याच हिशेबाने. आपल्याकडे १८७६–७८ च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची दिवसाची मजुरी एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. शिवाय गाव सोडून लांबच्या छावणीत राहण्याची अट होती. मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम टाकून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसाने काम नाकारले याचा अर्थ तो गरजू नव्हता, असा निष्कर्ष काढण्याची सोय या कसोटीत असते. तिचा सर्वांत मोठा दोष तोच.

१९७० ते ७३ ही तीन वर्षे राज्यात दुष्काळाची गेली. लोकांच्या तोंडी मात्र ‘बहात्तरचा दुष्काळ’ एवढेच राहिले. मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडणे या त्याच्या आठवणी. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. योजना जाहीर होऊनही या काळात ती बाजूला राहिली, कारण सगळी यंत्रणा दुष्काळी कामांत गुंतली होती. पण ५० लाख लोकांची मस्टर (हजेरीपट) ठेवता येतात, हे शासनाला या तीन वर्षांत कळले.

कल्पना त्याआधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे ती मांडली आणि सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात प्रयोग झाला. पागे यांच्या मांडणीत कसोटी उलटी झाली. टिकाव, फावडे, घमेले सगळे तेच. पण आता माणसाने अर्ज करायचा आणि १५ दिवसांत काम काढायचे ते शासनाने. नाही काढले तर बेकारी भत्ता, मूळ कायद्यात तो दिवसाला किमान १ रुपया. रक्कम हास्यास्पद होती, तरी चूक कोणाची हे कागदावर ठरत होते. काम सुरू करायला किमान ५० मजूर लागत. एका माणसाला वर्षात किती दिवस काम, याला मर्यादा नव्हती.

पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर १९७५ च्या व्यवसाय कराने दिले. ठरावीक पगारापुढच्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ‘पीटी’ म्हणून कापले जातात, तोच हा कर. त्याच्या उत्पन्नाइतकीच भर शासनाने घालायची, असे ठरले. शहरांनी गावांसाठी कर द्यायला मान्यता दिली यामागे निव्वळ औदार्य नव्हते. माणसे गावात राहिली तर मुंबईच्या फुटपाथवर येणार नाहीत, हा हिशेबही होता. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ मध्ये दुसऱ्या गोष्टीवर बोट ठेवले: पाझर तलाव आणि बांधबंदिस्ती झाली की विहिरींना पाणी वाढते, आणि विहिरी जमीनवाल्यांच्या. १९९० पासून रोहयोतून फळबागांना अनुदान मिळू लागले, तेव्हा हा मुद्दा आणखी ठळक झाला. डाळिंब-आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या हे खरेच, पण ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्या वाट्याला खड्डे खणण्याची मजुरीच आली.

प्रत्यक्ष कामावर मजुरी दिवसावर नसते, मोजमापावर असते. टोळीने चौकोनी खड्डे खणायचे, माती घमेल्यांनी वाहून बांधावर टाकायची. आठवड्याने अभियंता टेप घेऊन येतो. लांबी, रुंदी, खोली, माती किती लांब आणि किती उंच नेली, हे वहीत चढते. खरा वाद जमिनीच्या वर्णनावरून होतो. ‘मऊ मुरूम’ लिहिले तर दर कमी, ‘कठीण मुरूम’ लिहिले तर जास्त. टिकाव कुठे उडतो हे मजुराला ठाऊक असते, पण वही त्याच्या हातात नसते. पाणी, सावली, पाळणाघर या सोयी नियमात होत्या. पुष्कळ ठिकाणी पाळणाघर म्हणजे बाभळीच्या फांदीला बांधलेली लुगड्याची झोळी. मस्टरवर खोटी नावे चढवण्याचे प्रकारही जुनेच.

अभ्यासकांचा पहिला प्रश्न होता, कामावर येतो कोण? पुण्याच्या गोखले संस्थेच्या कुमुदिनी दांडेकर यांनी कामांवर जाऊन पाहणी केली आणि स्त्रियांना या योजनेचे महत्त्व विशेष आहे, हे पुढे आणले. घराजवळ काम, आणि मोजमापाला बाई-पुरुष असा वेगळा दर नाही, ही त्याची दोन साधी कारणे. शेतावर बाईचा रोज गड्यापेक्षा कमी असतो, हे लक्षात घेतले की दुसऱ्या कारणाचे वजन कळते. त्याच संस्थेचे नीलकंठ रथ यांनी १९८५ मध्ये, गरिबांना कर्जावर म्हैस-शेळी देणाऱ्या केंद्राच्या योजनेवर टीका करताना, गरिबाला आधी मजुरी द्या, असा आग्रह धरला.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. हमीच्या कामावर आलेला माणूस दुसरे काही काम सोडून येतो का? तसे असेल तर हातात पडलेली सगळी मजुरी फायदा धरता येत नाही. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातले कंझरा या गावांत वर्षानुवर्षे घरोघरी नोंदी ठेवल्या होत्या. त्यांवरून गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हिशेब मांडला: हमीच्या रुपयामागे साधारण चार आण्यांचे दुसरे उत्पन्न बुडते, बारा आणे निव्वळ पदरात पडतात. काम दिले की लोक आळशी होतात किंवा शेतीला मजूर मिळत नाहीत, या नेहमीच्या तक्रारीला इतके नेमके उत्तर क्वचितच मिळाले असेल.

‘हमी’ या शब्दाची परीक्षा १९८८ मध्ये झाली. किमान वेतनाशी बरोबरी करण्यासाठी मजुरी जवळपास दुप्पट झाली. कामे वाढायला हवी होती. झाले उलटे, हजेरी घसरली. दर वाढला तरी खर्च आटोक्यात ठेवायचा म्हणून कामेच कमी काढली गेली आणि मागेल त्याला काम मिळेनासे झाले, असे रॅव्हॅलियन, दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये दाखवले. मजुरी कमी ठेवून सर्वांना काम द्यावे की पुरेशी मजुरी काहींनाच, हा वाद अर्थशास्त्रज्ञ आजही घालतात. प्रश्नाची मांडणीच फसवी आहे, असे या लेखकाचे मत. कायद्यात दोन्हींची हमी होती. आखडला तो निधीचा हात.

कष्टाच्या चाळणीतून म्हातारी, अपंग आणि आजारी माणसे खाली गळतात. त्यांच्यासाठी राज्याने १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. तिथे मात्र पुन्हा दाखल्यांचीच चौकशी. बीडकडच्या ऊसतोड जोडप्यांची गोष्ट निराळी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगामाआधी हातात पडते, हमीची मजुरी काम मोजून झाल्यावर, तीही उशिरा. ज्याच्या घरी आजच पैसा हवा, तो कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो.

केंद्राने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. तो २ फेब्रुवारी २००६ पासून आधी २०० जिल्ह्यांत आणि २००८ पासून देशभर लागू झाला. त्यात दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची मर्यादा आली. महाराष्ट्राने त्यापुढच्या दिवसांचा खर्च स्वतःकडे ठेवला. त्या कायद्याखाली काम मागायचे ते ‘नमुना ४’ भरून, आणि तो दिल्याची पोच ‘नमुना ५’. पंधरा दिवस मोजायचे ते पोचेवरच्या तारखेपासून. म्हणून मजुरांच्या संघटना माणसांना आधी एकच गोष्ट शिकवतात: अर्ज देऊन तसेच परत यायचे नाही, तारखेची पोच हातात पडेपर्यंत कचेरीतून उठायचे नाही.