चौथ्या पिढीच्या अणुभट्ट्या : आराखडे सहा, पैसे ज्याचे त्याचे

पुढच्या पिढीच्या अणुभट्ट्यांवर एकत्र काम करायला अमेरिकेच्या पुढाकाराने जानेवारी २००० मध्ये नऊ देश चर्चेला बसले आणि पुढच्या वर्षी ‘जनरेशन फोर इंटरनॅशनल फोरम’ या मंचाच्या सनदेवर सह्या झाल्या. चीन आणि रशिया २००६ मध्ये आले. त्याआधीच्या पन्नास वर्षांत जलद भट्ट्या, म्हणजे न्यूट्रॉनांचा वेग कमी न करता चालणाऱ्या भट्ट्या, ज्याने त्याने आपापल्या बांधल्या होत्या आणि त्यांना थंड ठेवणाऱ्या द्रव सोडियमच्या गळतीचे धडेही स्वतःच्या खर्चाने घेतले होते.

वाद आहे तो २००२ च्या निवडीचा. शंभरावर संकल्पना चाळून सहा ठेवल्या गेल्या: सोडियम, शिसे आणि वायूने थंड होणाऱ्या तीन जलद भट्ट्या, अतिउच्च तापमानाची हेलियम भट्टी, वितळलेल्या क्षारांची भट्टी आणि अतिक्रांतिक पाण्याची भट्टी (दाब आणि तापमान इतके, की पाणी आणि वाफ हा फरक उरत नाही). कागदावर निकष होते शाश्वतता, खर्च, सुरक्षा आणि अण्वस्त्रप्रसाराला अटकाव. यादी मात्र राजधान्यांच्या हट्टांची वाटते. कॅनडाला आपल्या दाबनळ्यांच्या भट्टीचा वारसा पुढे न्यायचा होता, म्हणून अतिक्रांतिक पाणी. दक्षिण आफ्रिका तेव्हा गोळ्यांच्या इंधनाची भट्टी उभारायच्या तयारीत होती. फ्रान्स आणि जपानची भिस्त सोडियमवर. सहांपैकी दोन, म्हणजे वायूची जलद भट्टी आणि अतिक्रांतिक पाण्याची, जगात कुठेच उभ्या राहिल्या नव्हत्या, आजही नाहीत.

एकच आराखडा निवडला असता तर बाकीच्यांनी खिशात हात घातला नसता, हे उघड आहे. म्हणून २००५ च्या चौकट-करारात सामाईक तिजोरी नाहीच. प्रत्येक प्रणालीचा वेगळा करार, त्याखाली इंधन, साहित्य, सुरक्षा यांचे प्रकल्प-करार. ज्यावर सही केली तेवढे काम त्या देशाने आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या पैशाने करायचे आणि निष्कर्ष वाटून घ्यायचे. एखाद्या सरकारने हात आखडता घेतला की तेवढा तुकडा बंद पडतो. दक्षिण आफ्रिकेने २०१० मध्ये गोळ्यांची भट्टी गुंडाळली. फ्रान्सची ६०० मेगावॉटची सोडियम भट्टी, जिच्यात जपान २०१४ पासून भागीदार होता, २०१९ मध्ये बासनात गेली.

सोडियम सगळ्यांना हवेसे वाटते, कारण ते ९८ अंशांना वितळते आणि ८८३ अंशांना उकळते. भट्टीला दाब लागत नाही. पण हवा लागली की पेटते, पाणी लागले की हायड्रोजन सुटतो, आणि अपारदर्शक असल्याने आत काय चालले आहे ते दिसत नाही. जपानच्या मोंजू भट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये दुय्यम फेरीच्या, म्हणजे गाभ्यातल्या सोडियमची उष्णता घेऊन पुढे नेणाऱ्या वेगळ्या सोडियमच्या, नळीतले थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या साधनाचे) कवच तुटले. कवचाचा व्यास एका जागी एकदम कमी होत होता. वाहत्या सोडियममध्ये ते कंप पावत राहिले आणि त्याच पायरीवर थकून तुटले. शेकडो किलो सोडियम बाहेर पडून पेटले. ते किरणोत्सारी नव्हते. ही मधली फेरी ठेवतात ती त्यासाठीच. खरी पत गेली ती गळतीचे चित्रण दडवल्याने. भट्टी २०१० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तीनच महिन्यांत ३.३ टनांचे इंधन हलवायचे यंत्र पात्रात पडले. २०१६ मध्ये ती मोडीत काढायचे ठरले.

हेलियमच्या बाजूला चीनने डिसेंबर २०२३ मध्ये व्यावसायिक वीज सुरू केली: दोन भट्ट्या, एक टर्बाइन, ६ सेंटिमीटरचे इंधनगोळे. हेलियम मात्र ७५० अंशांचे; सुरुवातीचे लक्ष्य १००० अंशांचे होते.

भारत या मंचात नाही; आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या समांतर कार्यक्रमात आहे. सहकार्य अर्ध्यावर सुटले की काय होते हे कल्पाक्कमने आधीच पाहिले होते. तिथल्या ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या चाचणी भट्टीचा आराखडा फ्रेंच; पण १९७४ च्या पोखरणनंतर तिला लागणारे ८५ टक्के समृद्ध युरेनियम मिळेना. तेव्हा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड, ३० टक्के युरेनियम कार्बाइड असे इंधन तयार झाले. त्याची भुकटी हवेत पेट घेते, म्हणून सगळे काम निष्क्रिय वायूने भरलेल्या हातमोज्यांच्या पेट्यांत. भट्टी १९८५ मध्ये क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली साखळी अभिक्रिया आपणहून चालू राहिली. आधी इंधनाच्या टनामागे २५,००० मेगावॉट-दिवस एवढीच उष्णता काढायची, अशी मर्यादा घातली होती. पुढे हेच इंधन दीड लाखाच्या वर गेले.