मेल सर्व्हरवरील स्पॅम फिल्टर : पोस्टफिक्स आणि स्पॅमअसॅसिन

बाहेरून येणारा प्रत्येक मेल तपासून तो दारातच नाकारणे, ‘जंक’ फोल्डरमध्ये वळवणे किंवा इनबॉक्समध्ये जाऊ देणे हे काम करणाऱ्या व्यवस्थेला स्पॅम फिल्टर म्हणतात. लिनक्सवर स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांमध्ये पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) आणि स्पॅमअसॅसिन (स्पॅम ओळखणारा) ही जोडणी बऱ्याच काळापासून रुळलेली आहे, म्हणून या नोंदीत तिचीच मांडणी घेतली आहे. आरस्पॅमडी हा पर्याय वेगवान असून अनेक नव्या सर्व्हरवर तोच बसवला जातो. सेटिंगची नावे वेगळी असली तरी खाली दिलेल्या बहुतेक अडचणी तिथेही याच कारणांनी येतात.

स्पॅमअसॅसिन पर्ल भाषेत लिहिलेला आहे. मार्क जेफ्टोविक यांच्या १९९७ मधील एका फिल्टरच्या आधारे जस्टिन मेसन यांनी तो नव्याने लिहिला आणि एप्रिल २००१ मध्ये सर्वांसाठी खुला केला. २००४ पासून तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा प्रकल्प आहे. ४.० ही आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली.

दारावरची तपासणी

बराचसा स्पॅम मजकूर न वाचताच अडवता येतो. पोस्टफिक्सच्या २.८ आवृत्तीपासून मिळणारा ‘पोस्टस्क्रीन’ समोरच्या यंत्राला स्वागताची पहिली ओळ अर्धवट दाखवतो आणि ६ सेकंद थांबतो. खरा मेल सर्व्हर आपली पाळी येईपर्यंत गप्प राहतो. घाईत असलेला स्पॅमबॉट (स्पॅम पाठवणारा प्रोग्राम) तेवढ्यात बोलायला लागतो आणि पकडला जातो. ग्रेलिस्टिंगही याच जातीचे तंत्र आहे. अनोळखी पाठवणाऱ्याला ‘नंतर या’ असे तात्पुरते नाकारायचे आणि तो पुन्हा आला की घ्यायचे. पोस्टग्रे या ग्रेलिस्टिंगच्या प्रोग्राममध्ये ही वाट पाहण्याची मुदत मुळात ३०० सेकंदांची असते. आज ओटीपी आणि पासवर्ड बदलाचे दुवे मेलवर येतात आणि पाच-दहा मिनिटांत निकामी होतात, त्यामुळे सरसकट ग्रेलिस्टिंग लावणे आता परवडत नाही. पोस्टस्क्रीनची ६ सेकंदांची चाचणी पुरते. त्याच्या स्वागतानंतरच्या सखोल चाचण्याही पहिल्या वेळी मेल तात्पुरता नाकारतात, म्हणून त्या बंदच ठेवाव्यात.

यानंतर येतात डीएनएसवर (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेवर) चालणाऱ्या, स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या याद्या. पोस्टफिक्समध्ये त्या ‘रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट’ या नियमाने लावतात. हे नियम वरून खाली, लिहिलेल्या क्रमाने तपासले जातात, आणि पहिली मोठी चूक इथेच होते. आधी स्वतःच्या नेटवर्कला परवानगी, मग लॉगिन केलेल्या ग्राहकांना परवानगी, मग आपल्या सर्व्हरशी संबंध नसलेल्या पत्त्यांकडे जाणाऱ्या मेलला नकार, आणि त्यानंतरच काळी यादी असा क्रम हवा. यादी लॉगिनच्या वर गेली तर घरच्या ब्रॉडबँडवरून किंवा मोबाइल डेटावरून मेल पाठवणारे आपलेच कर्मचारी अडकतात, कारण असे आयपी पत्ते स्पॅमहाउस या काळ्या याद्या चालवणाऱ्या संस्थेच्या ‘पीबीएल’ भागात नोंदलेलेच असतात. तो भाग थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांचा आहे. त्यातली नोंद म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे.

दुसरी चूक जास्त महागात पडते. स्पॅमहाउसची ‘झेन’ यादी विचारलेला पत्ता सापडल्यास १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ या पट्ट्यातले उत्तर देते. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारले तर १२७.२५५.२५५.२५४, आणि विचारणा फार झाल्यास १२७.२५५.२५५.२५५ असे उत्तर येते. ही उत्तरे ‘तुमची विचारण्याची पद्धत चुकली’ हे सांगणारी आहेत. पण नियमात यादीचे नुसते नाव लिहिले असेल तर पोस्टफिक्स कोणत्याही उत्तराला होकार समजतो आणि जगातून येणारा प्रत्येक मेल नाकारतो. म्हणून यादीच्या नावापुढे ‘=१२७.०.०.[२..११]’ अशी मर्यादा लिहायलाच हवी.

बंद पडलेल्या याद्यांचा धोकाही असाच आहे. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरीही अनेक सर्व्हर तिला विचारत राहिले. अखेर मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक प्रश्नाला होकार देऊ लागली आणि त्या सर्व्हरांवरचा सगळा मेल अडला. सॉर्ब्स ही जुनी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली, पण इंटरनेटवरच्या जुन्या मार्गदर्शकांत तिचे नाव अजून सापडते. सेटिंगमधल्या प्रत्येक यादीची वर्षातून एकदा खातरजमा करावी. चाचणीसाठी १२७.०.०.२ हा पत्ता यादीत असला पाहिजे आणि १२७.०.०.१ नसला पाहिजे. डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या ‘डिग’ या आज्ञेने हे क्षणात कळते.

गुणांचा हिशेब

दारातून आत आलेला मेल स्पॅमअसॅसिन शेकडो नियमांवर तपासतो. प्रत्येक नियमाला धन किंवा ऋण गुण असतात आणि बेरीज ५.० झाली की मेल स्पॅम ठरतो. प्रत्येक नियमाला चार वेगवेगळे गुण देता येतात : नेटवर्क चाचण्या (काळ्या याद्यांसारख्या, बाहेर विचारून होणाऱ्या) चालू की बंद आणि बेझ (मेल पाहून शिकणारा भाग) चालू की बंद, अशा चार परिस्थितींसाठी. त्यामुळे बेझ सुरू होताच त्याच मेलची बेरीज बदलते आणि नवख्याला काहीतरी बिघडल्यासारखे वाटते.

स्पॅम वाढला की पहिला हात ५.० च्या आकड्याला जातो. तो ३ वर आणणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. नियमांचे गुण ५.० हा उंबरठा धरूनच जुळवलेले असतात. तो खाली आणला की बँकेची विवरणपत्रे, रेल्वेची तिकिटे, निविदांचे मेल असे खरे टपाल जंकमध्ये जाऊ लागते. आलेला स्पॅम दिसतो आणि एका क्लिकमध्ये जातो. हरवलेला खरा मेल मात्र दिसतच नाही. ५ च्या वर जंक फोल्डर आणि १५ च्या आसपास थेट नकार, अशी दोन पायऱ्यांची मांडणी बहुतेक ठिकाणी पुरते. नकार द्यायचा तर तो दोन सर्व्हरमधला एसएमटीपी (मेल पाठवण्याचा) संवाद चालू असतानाच, मिल्टरमार्फत (पोस्टफिक्सला फिल्टर जोडणाऱ्या दुव्यामार्फत), ५५० या कायमच्या नकाराच्या संकेताने द्यावा. म्हणजे चुकून अडलेल्या खऱ्या माणसाला आपला मेल पोहोचला नाही हे कळते. आधी स्वीकारून मग परतीचा मेल पाठवला तर तो बनावट पत्त्याच्या निरपराध मालकाकडे जातो आणि आपलाच सर्व्हर काळ्या यादीत येतो. गुपचूप पुसून टाकणे तर कधीच करू नये.

बेझ आणि त्याचे शिक्षण

शब्दांच्या संभाव्यतेवर चालणारा बेझ हा भाग किमान २०० स्पॅम आणि २०० खरे मेल शिकल्याशिवाय तोंडच उघडत नाही. किती शिकला हे ‘एसए-लर्न --डंप मॅजिक’ सांगते. इथे नेहमीची गफलत वापरकर्त्याची असते. शिक्षण ‘रूट’ (सर्वाधिकारी खाते) म्हणून दिले जाते, ते रूटच्या होम डिरेक्टरीतील डेटाबेसमध्ये साठते आणि मेल तपासणारी स्पॅमअसॅसिनची सेवा म्हणजे ‘स्पॅमडी’ हा दुसऱ्याच खात्याचा रिकामा डेटाबेस वाचत बसतो. हजारो मेल शिकवूनही मेलच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या माहितीच्या ओळींत) ‘बेझ_’ने सुरू होणारा एकही नियम दिसत नसेल, तर आधी हेच तपासावे.

आपोआप शिकण्याची सोय मुळात चालू असते. ०.१ पेक्षा कमी गुणांचा मेल खरा म्हणून आणि १२ च्या वरचा स्पॅम म्हणून शिकला जातो. स्पॅमच्या बाबतीत हेडर आणि मजकूर या दोन्हींतून किमान ३-३ गुण यावे लागतात. डीएनएस बिघडले की या सोयीचेच विष होते. नेटवर्क चाचण्यांचे गुण गळतात, स्पॅमची बेरीज ०.१ खाली येते आणि बेझ तो खरा मेल म्हणून शिकतो. चार दिवसांनी डीएनएस दुरुस्त होते, पण बेझची समज बिघडलेली राहते. चुकीचा शिकलेला मेल योग्य प्रकाराने पुन्हा शिकवला की जुनी नोंद आपोआप पुसली जाते. बिघाड मोठा असेल तर डेटाबेस रिकामा करून नव्याने सुरुवात करावी.

म्हणून सर्व्हरवर स्वतःचा, दुसऱ्याकडे न पाठवता थेट उत्तरे शोधणारा डीएनएस (उदा. अनबाउंड) चालवणे ही या सगळ्याची पहिली अट आहे. हेडरमध्ये ‘यूआरआयबीएल_ब्लॉक्ड’ दिसले की ती अट मोडली आहे असे समजावे.

मराठी मजकूर

स्पॅमअसॅसिनमध्ये ‘टेक्स्टकॅट’ हे भाषा ओळखणारे प्लगइन आहे. ते मुळात बंद असते. चालू करून ‘ओके_लँग्वेजेस’मध्ये फक्त इंग्रजी ठेवली तर मराठी पत्रांना ‘अनवाँटेड लँग्वेज’चे २.८ गुण लागतात, म्हणजे निम्म्याहून अधिक अंतर तिथेच कापले जाते. प्लगइनला मराठीची ओळख ‘एमआर’ या संकेताने आहे. पत्र छोटे असेल तर देवनागरीतील भाषा एकमेकींत मिसळू शकतात, म्हणून हिंदी, नेपाळी आणि संस्कृतही यादीत ठेवाव्यात. रोमन लिपीतली मराठी ते भरवशाने ओळखत नाही. महाराष्ट्रातल्या कार्यालयात हे प्लगइन बंद ठेवून बेझला मराठी-इंग्रजी मिश्र खरे टपाल शिकवणे जास्त उपयोगी पडते. ३.४ आवृत्तीवर असाल तर वेगवेगळे अक्षरसंच एकाच रूपात आणणारे ‘नॉर्मलाइझ_कॅरसेट’ हाताने चालू करावे. ४.० मध्ये ते चालूच असते.

बिघाड शोधताना

सुरुवात नेहमी ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ या हेडरपासून करावी. तो मेलमध्ये नसेलच तर मेल फिल्टरपर्यंत पोहोचलेला नाही. त्याची दोन कारणे वारंवार आढळतात. मेल स्पॅमडीकडे नेणारा ‘स्पॅमसी’ मुळात ५०० केबीपेक्षा मोठा मेल न तपासता पुढे सोडतो. आणि ७८३ या पोर्टवरचा स्पॅमडी बंद पडला असेल तरीही स्पॅमसी मेल अडवत नाही, जसाच्या तसा पुढे देतो. सेवा कोसळूनही टपाल चालू राहते, त्यामुळे हा बिघाड कित्येक दिवस लक्षात येत नाही. खात्री करण्यासाठी जीट्यूब ही चाचणीसाठीची ६८ अक्षरांची ठरावीक ओळ बाहेरच्या खात्यावरून पाठवावी. तिला १,००० गुण मिळतात.

हेडर आहे, पण स्पॅमवर ‘ऑल_ट्रस्टेड’ (मेल फक्त विश्वासू यंत्रांतून आला) हा नियम लागला असेल तर ‘ट्रस्टेड_नेटवर्क्स’ हे विश्वासू पत्त्यांचे सेटिंग चुकले आहे. नॅट (पत्ते बदलणारी जोडणी) किंवा कंटेनरमागे असलेल्या सर्व्हरला बाहेरचा प्रत्येक मेल स्वतःच्याच खासगी पत्त्यावरून आल्यासारखा दिसू शकतो, आणि मग काळ्या याद्याही निरुपयोगी होतात.

स्पॅमला -१०० गुण दिसले तर पांढरी यादी (नेहमी आत येऊ द्यायच्या पत्त्यांची) पाहावी. ‘व्हाइटलिस्ट_फ्रॉम’मध्ये (४.० पासून ‘वेलकमलिस्ट_फ्रॉम’) स्वतःचे डोमेन घातले की आपल्याच नावाने आलेला बनावट मेल बिनदिक्कत आत येतो, कारण ‘फ्रॉम’ कोणीही लिहू शकतो. त्याऐवजी ‘वेलकमलिस्ट_ऑथ’ वापरावे. ते एसपीएफ (डोमेनच्या वतीने कोणती यंत्रे मेल पाठवू शकतात याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) जुळल्यावरच सूट देते. त्याचप्रमाणे एसपीएफ चुकले एवढ्यावरून मेल नाकारू नये. कोणी आपला जुना पत्ता फॉरवर्डवर लावला असेल तर पाठवणारे यंत्र बदलते आणि एसपीएफ तुटतेच. डीकेआयएमची सही सहसा टिकते, म्हणून निर्णय या दोन्हींचा निकाल पाहणाऱ्या डीमार्कवर सोडावा.

नियम ‘एसए-अपडेट’ने रोज ताजे करावेत. त्याचा परतीचा अंक ० म्हणजे नवे नियम बसले, तेव्हाच स्पॅमडी पुन्हा सुरू करायचा. १ म्हणजे नवे काही नाही. १ जानेवारी २०१० रोजी याचे महत्त्व सर्वांना कळले : भविष्यातली तारीख पकडणाऱ्या एका नियमात २०१० पासूनची सगळी वर्षे ‘फार पुढची’ धरलेली होती आणि नव्या वर्षाच्या प्रत्येक मेलला ३ च्या आसपास फुकटचे गुण लागू लागले. दुरुस्ती लगेच आली, पण ती अपडेट चालू असलेल्यांनाच मिळाली. हाताने काही बदलले असेल तर सेवा पुन्हा सुरू करण्याआधी ‘स्पॅमअसॅसिन --लिंट’ चालवावे. एका ओळीतली चूकही ते दाखवते.

भारतातील सर्व्हरसाठी लॉगचा (सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदींचा) प्रश्न वेगळा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. अनेक लिनक्स वितरणांत मेल लॉग चार आठवड्यांनी पुसला जातो, म्हणून जुने लॉग पुसणाऱ्या ‘लॉगरोटेट’ची मुदत सर्व्हर उभारतानाच वाढवावी.