गाडी उचलल्यानंतरची ब्रेक व सस्पेन्शनची जुळणी

जीपच्या जातीच्या गाडीची चासी (खालचा सांगाडा) ॲक्सलपासून (चाकांच्या आसापासून) अधिक उंच करणे, याला गॅरेजमध्ये 'गाडी उचलणे' म्हणतात. खडकात आणि ओढ्यात गाडीचे पोट घासू नये, मोठे टायर बसावेत, म्हणून हे करतात. किट बसवायला एक दिवस पुरतो. मात्र एक टोक चासीवर आणि दुसरे ॲक्सलवर असलेला प्रत्येक भाग त्या दिवशी ताणला जातो किंवा तिरपा होतो: ब्रेकचा होज (लवचिक नळी), हँडब्रेकची केबल, स्टिअरिंगचा दांडा, प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा), शॉकॲब्सॉर्बर. हे भाग नव्या उंचीला बसवून घेईपर्यंत काम अर्धेच असते. साताऱ्यात तर ते अर्धवट ठेवून चालतच नाही. इथे वर गेलेली गाडी यवतेश्वर, पसरणी, केळघर किंवा कुंभार्लीच्या घाटानेच खाली येते, आणि चार महिने ओल्या रस्त्याने येते. जत-आटपाडीच्या माळावर लपून राहिलेली ब्रेकची चूक घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर उघडी पडते.

काय काय जुळवावे लागेल हे गाडीच्या रचनेवर ठरते. महिंद्राची एमएम ५४० आणि मारुतीची जिप्सी यांना चारही बाजूंना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. २०१० ते २०२० दरम्यानच्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचे काम करणारा दांडा) आणि मागे पाटे, २०२० नंतरच्या थारला चारही बाजूंना कॉइल (गोल वळ्यांची स्प्रिंग), तर जिम्नीला पुढेमागे अखंड ॲक्सलवर कॉइल. फक्त बॉडी आणि चासी यांच्यामध्ये गुटके घालून उंची घेतली असेल, तर ॲक्सलकडचे काही बदलत नाही. तिथे मास्टर सिलिंडरपासून चासीपर्यंतचा ब्रेकचा पत्री पाइप, स्टिअरिंगचा शाफ्ट आणि रेडिएटरचा पंखा पाहावा लागतो.

सर्वांत जास्त वेळा राहून जाणारा भाग म्हणजे भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह, गॅरेजच्या बोलीत एलएसपीव्ही. तो मागच्या बाजूला चासीवर असतो आणि एका दांडीने किंवा स्प्रिंगने ॲक्सलला जोडलेला असतो. गाडीत माणसे बसली की चासी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे हलके मागचे चाक लॉक होत नाही. व्हॉल्व्हला वजन कळत नाही, फक्त अंतर कळते. दोन इंच उचललेली गाडी त्याला कायम रिकामीच वाटते, किंबहुना रिकामीपेक्षाही हलकी. मागचे ब्रेक जवळजवळ काम सोडतात, सगळा भार पुढच्या डिस्कवर जातो, पॅड लवकर संपतात आणि उतारावर पेडल मऊ पडते. गाडी उचलल्यापासून ब्रेक कमी लागतो, ही तक्रार आली की दोष बऱ्याचदा पॅडवर जातो आणि ते बदलून काहीच फरक पडत नाही.

उंची वाढल्याने ब्रेक लावताना वजन पुढे जास्त सरकते, मग मागचा दाब कमी झाला तर बरेच, असे काही जण म्हणतात. हिशेब करून पाहावा. व्हीलबेस २४०० मिमी, गुरुत्वमध्य ५० मिमी वर गेला आणि ब्रेकचा जोर गुरुत्वाच्या ०.६ पट धरला, तर जादा सरकणारे वजन सव्वा टक्का भरते. १८०० किलोच्या गाडीत ते साधारण २२ किलो. व्हॉल्व्ह मात्र पूर्ण ५० मिमी मोजतो. म्हणून त्याला मूळ जागेवर आणणेच बरोबर.

त्यासाठी माप उचलण्याआधी घ्यावे. गाडी सपाट कोब्यावर उभी करावी, टायरमध्ये ठरलेली हवा असावी, आत सामान नसावे. दांडीच्या टोकापासून चासीच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहावे आणि दांडीचा फोटो काढावा. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापेही त्याच वेळी घ्यावीत. दांडी कोणत्या दिशेला गेली की दाब वाढतो हे अंदाजाने ठरवू नये. मागे चार जणांना बसवून खाली वाकून पाहावे, ती ज्या बाजूला सरकते ती भाराची बाजू. गाडी उचलल्यावर ॲक्सलकडचा ब्रॅकेट वाढलेल्या उंचीइतका वर घेतला किंवा दांडी तेवढी लांब केली, की जुने माप परत मिळते. गाडी आधीच उचललेली विकत घेतली असेल, तर त्याच मॉडेलच्या न उचललेल्या गाडीवर माप घ्यावे. दांडी तारेने बांधून पूर्ण भाराच्या बाजूला ओढून ठेवणे हा उपाय नव्हे. ओल्या वळणावर मागची चाके आधी लॉक होतात आणि गाडीची शेपटी फिरते.

पाट्यांत एक जादा पाटा घातला असेल तर आणखी एक अडचण येते. स्प्रिंग कडक झाल्याने पाच माणसे बसली तरी चासी पूर्वीइतकी दबत नाही आणि व्हॉल्व्ह भार कमीच समजतो. अशा गाडीत पुढच्या-मागच्या लाइनला प्रेशर गेज लावून, गाडी रिकामी आणि भरलेली असताना दाब कंपनीच्या मॅन्युअलशी ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. ईबीडी, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाटणारी यंत्रणा, असलेल्या नव्या गाड्यांत हे काम चाकांच्या सेन्सरवरून होते. तिथे सेन्सरच्या वायरी ताणल्या नाहीत ना एवढे पाहावे.

होज तपासताना चासी घोडीवर (लोखंडी टेकूवर) ठेवून ॲक्सल पूर्ण लोंबू द्यावा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवावे. या स्थितीतही होज सैल हवा. गाडी जमिनीवर उभी असताना तो ठीकच दिसतो. पुढचे चाक खड्ड्यात लोंबले की तुटतो. ब्रॅकेट खाली घ्यावा किंवा लांब होज घालावा. होज जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या तांब्याच्या वॉशर प्रत्येक वेळी नव्या वापराव्यात. मग ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायची ती मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकाकडून: आपल्याकडे मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे, मॅन्युअल वेगळे सांगत नसेल तर. एक गोष्ट सहज चुकते. ॲक्सल लोंबत असताना व्हॉल्व्ह मागची लाइन दाबून धरतो आणि हवा अडकून राहते. हवा काढताना भार चाकांवर असावा. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचे असेल तर नवे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. महाबळेश्वर-बामणोलीच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचे ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे घाटात उपयोगी पडते.

हँडब्रेकची केबल ताणली गेली की लायनर ड्रमला चिकटून राहतात. मागचे चाक उचलून हाताने फिरवावे. जड फिरले तर केबल सैल करावी आणि मगच ड्रमचा ॲडजस्टर फिरवावा. टायर २९ इंचांवरून ३१ वर नेले, तर तेवढ्याच ब्रेकमध्ये जमिनीवर मिळणारा जोर सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटतो. तो व्हॉल्व्ह जुळवून भरून निघत नाही.

पाट्याच्या गाडीत लांब शॅकल (पाट्याचे एक टोक चासीला जोडणारी हलती कडी) घातली तर उंची तिच्या निम्मीच मिळते, कारण पाट्याचे एकच टोक हलते. ॲक्सल मात्र फिरतो. पुढे कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. उपाय म्हणजे पाट्याखाली पाचर. मागे पिनिअनचा (शाफ्ट जिथे ॲक्सलला जोडतो त्या दातेरी चाकाचा) कोन बिघडून प्रोपेलर शाफ्ट थरथरतो. पाटा आणि ॲक्सलमध्ये लोखंडी गुटका फक्त मागे चालतो, एकावर एक दोन कधीच नाहीत. पुढे गुटका घातला की ब्रेकच्या पिळाने तो निसटण्याचा धोका असतो. यू बोल्ट नवे घ्यावेत. बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच पक्के आवळावेत. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते.

टॉर्शन बार आवळून थारची पुढची बाजू वर घेता येते, पण त्यात चाक खाली जाण्याची वाव संपते आणि वरचा आर्म स्टॉपवर आदळतो. बोल्ट चाक हवेत असताना फिरवावा, गाडी खाली घेऊन काही मीटर पुढेमागे ढकलावी आणि मगच मोजावे. जिम्नीत पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) ॲक्सलला चासीकडच्या टोकाच्या दिशेने ओढतो. ९०० मिमीच्या रॉडचा उतार ६० वरून ११० मिमी झाला, तर ॲक्सल जवळपास ५ मिमी सरकतो. लांबी बदलता येणारा रॉड तो परत मध्यावर आणतो. शॉक लांब घेतले तर बंप स्टॉपही (ॲक्सल वर येताना अडवणारा रबरी ठोकळा) खाली आणावा, नाहीतर आधी शॉकच आपटतो. डिफरेन्शिअलची (ॲक्सलमधल्या गिअरपेटीची) हवा खेळवणारी श्वासनळी ताणून निसटली, तर ओढ्यातून बाहेर आल्यावर आतले ऑइल दुधी कॉफीसारखे निघते.

असे बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतात. आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा, परवानगीशिवाय केलेला बदल दंडास पात्र ठरतो, मग गाडी एमएच ११ ची असो की एमएच १० ची. कासच्या पठारावर गाडी घालणे तर कितीही उंचीला योग्य नाही. चाकाखाली चिरडलेली तिथली पातळ माती लवकर भरून येत नाही.

चाचणी मोकळ्या मुरमाड मैदानात घ्यावी, घाटात नाही. ताशी २० आणि मग ४० किमी वेगाने जोरात ब्रेक मारून खुणा पाहाव्यात: पुढची चाके मागच्यांच्या किंचित आधी लॉक व्हायला हवीत. त्यानंतर टो (पुढची चाके समोर कितपत आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) आणि हेडलाइटचा झोत जुळवावा. शंभर किलोमीटरला यू बोल्ट पुन्हा आवळावेत. नवे पाटे वापरात थोडे बसतात, म्हणून हजार किलोमीटरला मडगार्डची मापे पुन्हा घ्यावीत. मागची बाजू ८ मिमी बसली असेल तर व्हॉल्व्हचा ब्रॅकेटही ८ मिमी खाली घ्यावा.