कॉमिकचं मूळ पान फ्रेमला देण्याआधी

देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि निवृत्तीची मानपत्रं, आमचं दुकान वर्षानुवर्षं यावरच चालत आलं. अलीकडे मात्र संभाजीनगरातूनच नव्हे, तर परभणी-नांदेडहूनही लोक सुपरहिरो कॉमिकची हातानं काढलेली मूळ पानं घेऊन येतात. कुणी परदेशातल्या लिलावातून मागवलेलं असतं, कुणी कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिकवाल्यांच्या मेळाव्यात, थेट चित्रकाराकडून घेतलेलं. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढे पैसे मोजले, आणि रंगसुद्धा नाही?" नसतोच. अमेरिकन कॉमिकचं पान साधारण ११ बाय १७ इंचाच्या जाड ब्रिस्टल कागदावर काढतात आणि छापताना लहान करतात. १९६७ च्या आधीची पानं तर याहून मोठी असत. आधी शिसपेन्सिल, त्यावर शाई. ही दोन कामं बहुधा दोन वेगळ्या माणसांची. रंग भरायचे ते वेगळ्या कागदावर, आता संगणकावर. त्यामुळे तुमच्या हातात असतो तो कामाचा कागद: चुकलेल्या रेषेवर पांढरा रंग, चिकटवलेले संवादाचे फुगे, कडेला निळ्या पेन्सिलीत अंकाचा आणि पानाचा नंबर. निळीच का, तर छपाईच्या कॅमेऱ्याला ती दिसत नसे.

इथं आमची एक चूक कबूल करतो. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाच्या पानाची कड आमच्या कारागिरानं खोडरबरानं घासून 'स्वच्छ' करून दिली. ते गृहस्थ ओरडले नाहीत. पान उजेडात तिरपं धरून, पुसल्या जागी उठलेले वळ बघत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून आमच्याकडे मूळ पानाला खोडरबर, ओलं फडकं किंवा ब्लेड लागत नाही. कड माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकायची की दिसू द्यायची, हे तुम्ही सांगायचं. आमचं मत विचाराल तर दिसू द्या.

दुसरा नियम: जे लावू ते काढता आलं पाहिजे. म्हणून फेविकॉल नाही, सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच नाही. पान आम्ही जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर, गव्हाच्या खळीनं वरच्या कडेला टांगतो. मागे हार्डबोर्ड न घालता आम्लरहित बोर्ड घालतो, कारण हार्डबोर्डातलं आम्ल कागद पिवळा पाडतं. काच आणि पान यांत माउंटच्या जाडीचं अंतर ठेवतो. जुन्या पानांवरचे फुगे रबर सोल्युशननं चिकटवलेले असतात; ते वाळलं की फुगा गळतो. गळला तर घरी चिकटवू नका, पाकिटात घालून आणा.

आता आपल्या हवेचं. लोक उन्हाला घाबरतात, ते बरोबरच आहे. काळी कार्बन शाई टिकते, पण मार्कर आणि पातळ रंगीत शाया उजेडात उडतात, आणि उडालेला रंग परत येत नाही. अजिंठ्यात फ्लॅश मारू देत नाहीत, तीच काळजी इथंही घ्या. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत नको. उन्हातले अतिनील किरण अडवणारी यूव्ही काच महाग पडते, तरी मार्करच्या चित्राला तीच घ्या. निव्वळ काळ्या शाईच्या पानाला सावलीतली भिंत असेल तर साधी काच चालते, उगाच खर्च करू नका. पण मराठवाड्यात खरा शत्रू कूलर. मे महिन्यात घरातली हवा कोरडी ठाक, आणि कूलर लावला की तासाभरात ओलसर. कागद फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो आणि शेवटी लाटा धरतो. कूलरच्या झोताची भिंत टाळा. पावसाळ्यात ओल धरणारी भिंतही टाळा, आणि महिन्यातून एकदा फ्रेम उचलून मागे वाळवी, कसर बघा.

पान खरं की खोटं, हा दाखला आम्ही देत नाही, आम्ही फ्रेमवाले. पण भिंगाखाली बघून एवढं सांगू शकतो की रेषेत छपाईचे ठिपके आहेत का, पांढरा रंग बोटाला उंच लागतो का, शाईखाली पेन्सिल आहे का. आजकाल पेन्सिलकाम स्कॅन करून फिक्या निळ्यात छापतात आणि त्यावर शाई करतात. ते पान खोटं नाही, पण विकणाऱ्यानं तसं आधी सांगायला हवं. मोह मोठा आहे. मार्व्हलच्या 'सिक्रेट वॉर्स' या कॉमिक मालिकेच्या आठव्या अंकातलं, स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचं माइक झेक यांचं एक पान २०२२ मध्ये ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. त्यामुळे खालून उजेड दिलेल्या काचेवर छापील पान ठेवून गिरवलेली पानंही बाजारात फिरतात. छापील अंक जवळ ठेवून रेष न् रेष ताडून बघा.

आणताना पान गुंडाळू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट धरून, प्लास्टिकमध्ये घालून आणा. एसटीनं येत असाल तर वरच्या कप्प्यात न टाकता मांडीवर. काम आठ दिवसांचं. पान रात्री लोखंडी कपाटात राहतं. येताना खरेदीची पावतीही आणा, तिची प्रत आम्ही फ्रेमच्या मागे पाकिटात लावून देतो. त्याचे पैसे घेत नाही.