आयातशुल्क आणि आयातीची अट: माल नेमका कशाने अडतो?

परदेशात आपला माल अडला की "तिकडच्या सरकारने दार लावलं" असं सरसकट म्हटलं जातं. पण आयातशुल्क आणि आयातीची अट हे दोन निरनिराळे फटके आहेत, आणि त्यांवरचे इलाजही निराळे.

शुल्काचा फटका हिशेबात बसतो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 टक्के आणि 27 तारखेपासून एकूण 50 टक्के जादा शुल्क लावलं. तिरुपूरच्या टी-शर्टचं कापड तेच होतं, शिलाई तीच. मात्र बांगलादेश आणि व्हिएतनामला 20 टक्केच लागत होते. अशा वेळी खरेदीदार सूट मागतो, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे वळवतो. कारखानदाराने जीव ओतून काम केलं तरी तो आकडा हलत नाही.

अट थेट मालाला हात घालते. 1 मे 2014 पासून, ऐन हंगामात, युरोपीय संघाने भारतीय आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांची आयात बंद केली, कारण मालात फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. शुल्क एक पैसाही वाढलं नव्हतं. तेव्हा युरोपीय संघात असलेल्या ब्रिटनमध्ये आंबा पिकत नाही, मग भीती कसली, असं इथे अनेकांना वाटलं. भीती होती ती तिथल्या काचगृहांतल्या टोमॅटो-काकडीला कीड लागण्याची.

द्राक्ष बागायतदारांनी हे 2010 मध्येच सोसलं होतं. वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर तिकडे पोहोचल्यावर अडकले. मणी टपोरे, चव गोड, तरी उपयोग शून्य. शुल्क वाढलं तर नफा सोडून का होईना, माल विकता येतो. अटीत नापास झालेली द्राक्षं तिथे कोणत्याही भावात विकता येत नाहीत. मे 2025 मध्ये तर फक्त कागदपत्रांतल्या त्रुटींवरून अमेरिकेने भारतीय आंब्याच्या 15 खेपा नाकारल्या. फळं परत आणणं परवडेना, म्हणून ती तिथेच नष्ट करावी लागली.

तरीही मला अट शुल्काइतकी हताश करणारी वाटत नाही. शुल्कासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसावं लागतं. अटीची तयारी आपल्या बांधावर करता येते: फवारणीची तारीख वहीत टिपणं, फवारणी आणि काढणी यांत सांगितलेले दिवस पाळणं, काढणीआधी नमुना तपासून घेणं. आंब्यावरची युरोपची बंदी जानेवारी 2015 मध्ये उठली, ती आपल्याकडची तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावरच.