काउन्सेलरनं घरी सांगितलं तर दाद कुठे मागायची? या प्रश्नामागची पार्श्वभूमी

माझी मावसबहीण, वय २३, नोकरी हिंजवडीत, कर्वेनगरला एका काउन्सेलरकडे जायची. तिसऱ्या की चौथ्या सेशनला ती जे बोलली ते दोन दिवसांत मावशीच्या कानावर आलं होतं, आणि सांगितलं त्या मॅडमनीच, फोन करून, "काळजी वाटली म्हणून सांगते हो". काळजी खरी असेलही. पण बहिणीनं त्यानंतर कित्येक महिने कुणाजवळच मन मोकळं केलं नाही. तेव्हा तक्रार कुठे करायची ते मी शोधायला लागले आणि बराच जुना इतिहास हाताला लागला, तो इथे मांडतेय.

सायकॉलॉजिस्टनी कसं वागायचं याचा पहिला मोठा लिखित नियमसंच अमेरिकेतला, तिथल्या सायकॉलॉजिस्टांच्या संघटनेचा म्हणजे एपीएचा, १९५३ चा. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांवर उपचार करायला सायकॉलॉजिस्टांची प्रचंड गरज पडली, त्याआधी हे लोक मुख्यतः कॉलेजात आणि प्रयोगशाळेत असायचे, आता समोर त्रासात असलेला माणूस बसायला लागला. मला सगळ्यात आवडलं ते नियम करायची त्यांची पद्धत. निकोलस हॉब्ज यांच्या समितीनं चार ज्येष्ठांना बसवून नियम लिहून घेतले नाहीत, तर १९४८ मध्ये साडेसात हजारांच्या आसपास सभासदांना पत्रं पाठवली, की तुमच्या कामात काय करावं ते कळेना असा खराखुरा प्रसंग कळवा. हजाराहून जास्त प्रसंग आले, आणि त्यातून नियम निघाले. आईवडिलांना काय सांगायचं, नवऱ्याला सांगायचं का, पोलिसांनी विचारलं तर काय करायचं, असे आपल्याकडे आजही रोज पडणारे प्रश्न त्यांनी तेव्हाच कागदावर घेतले होते.

तरी सगळं एकदम आलं नाही. क्लायंटशी शारीरिक संबंध ठेवणं चूक आहे हे स्पष्ट शब्दांत यायला १९७७ उजाडलं, म्हणजे पहिल्या नियमांनंतर तब्बल २४ वर्षं! गोपनीयतेची मर्यादा ठरली ती एका खुनामुळे. १९६९ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्यानं तातियाना तारासॉफ या मुलीला मारलं, आणि तिला मारायचा विचार तो आधी थेरपिस्टजवळ बोलला होता. थेरपिस्टनी कॅम्पस पोलिसांना कळवलं, पोलिसांनी चौकशी करून त्याला सोडून दिलं, पण मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं की दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर त्याला वाचवायची जबाबदारी थेरपिस्टवर येते. म्हणजे गुपित फोडायला कारण लागतं ते एवढं मोठं. मुलगी कुणावर प्रेम करते हे आईला कळावं, हे त्यात बसत नाही.

आणि लिहिलेले नियमही वाकवता येतात. २०१५ मध्ये वकील डेव्हिड हॉफमन यांचा एपीएबद्दलचा अहवाल आला आणि बाहेर पडलं की दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या कैद्यांच्या चौकशीबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं एपीएच्या काही पदाधिकाऱ्यांनी संरक्षण खात्याला सोयीची होतील अशी सैल ठेवली होती. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. त्याच वर्षी संघटनेनं अशा चौकशांत सायकॉलॉजिस्टनी भाग घ्यायला बंदी घातली.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या टोकाकडून सुरू झाली. पुण्यात मानसिक आजार म्हटलं की अजूनही लोकांच्या तोंडी येरवडा येतं, आणि आपले कायदेही तसेच भिंतींचे होते, १९१२ चा ल्युनसी अ‍ॅक्ट, मग १९८७ चा मेंटल हेल्थ अ‍ॅक्ट, कुणाला दाखल करायचं, कुणाला सोडायचं यावरच मुख्य भर. बंद खोलीत दोन माणसं खुर्चीवर बसून बोलतात त्याचं काय, हे त्यात कुठे येणार? मधल्यामध्ये मध्यमवर्गीय पुण्याची सायकॉलॉजीशी ओळख बहुतेक अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमधून झाली. मानसशास्त्राचे अभ्यासक आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती इथेच, आणि दहावीनंतर टेस्ट करून घ्यायची हे आता घरोघरी झालंय. तो रिपोर्ट मुलाचा की पालकांचा, हा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणाऱ्या सायकॉलॉजिस्टांची, संघटना १९६८ मध्ये झाली, पण संघटना तिच्या सभासदांपुरती. कायद्याचं बळ आलं १९९२ च्या आरसीआय अ‍ॅक्टनं, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेच्या कायद्यानं, तोही मुळात पुनर्वसनाच्या कामासाठीचा. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं रजिस्टर आहे, व्यावसायिक वर्तनाचे नियम करायचा अधिकार आहे, गैरवर्तन झालं तर नाव काढता येतं. नोंदणी नसताना ते काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण "काउन्सेलर" हा शब्द त्या रजिस्टरच्या बाहेर राहिला. म्हणून एमए केलेला, सहा महिन्यांचा डिप्लोमा केलेला आणि काहीच न केलेला, तिघंही एकाच रस्त्यावर एकसारखीच पाटी लावू शकत होते.

मग २०१७ चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट, जो २०१८ पासून लागू झाला. त्याचा मसुदा करायला लॉ कॉलेज रोडवरच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रातल्या डॉ. सौमित्र पाठारे यांची मदत होती, हे कितीतरी पुणेकरांना माहीत नसतं. कलम २३ गोपनीयतेचं. माहिती कधी बाहेर देता येते ते मोजकं लिहिलंय, कुणाच्या जिवाला धोका, दुसऱ्याला इजा, कोर्टाचा आदेश, अशी कारणं. आईची काळजी हे कारण नाही. पण मानसिक आरोग्य व्यावसायिक कोण याची व्याख्याही त्याच कायद्यात आहे आणि पाटी लावलेला साधा काउन्सेलर त्यात थेट येत नाही, माझ्या बहिणीचं प्रकरण अडलं ते इथेच. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या, कायद्याच्या यादीत आता क्लिनिकल नसलेले सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर आलेत, त्यांची नोंदणी आणि वर्तनाचे नियम त्या कायद्याखालच्या राष्ट्रीय आयोगाकडे आणि राज्यांच्या परिषदांकडे आहेत.

बहीण आता दुसऱ्या एका बाईंकडे जाते. पहिल्या दिवशी त्यांनी आरसीआय नंबर स्वतःहून दाखवला आणि एक कागद पुढे ठेवला, कोणती माहिती कुणाला आणि कधी सांगावी लागेल ते लिहिलेला. सही करायच्या आधी तिनं तो दोनदा वाचला, आणि बाईंनी घाई केली नाही.